भिंतीपलीकडची मरीमाय

दिवाळीआधी माळा झाडायला काढला की आमच्या घरात दरवर्षी एक भांडण ठरलेलं. यजमान वरून बाटली खाली देतात आणि म्हणतात, "ही आता तरी टाक." मी म्हणते, "राहू द्या." बाटली बियरची आहे. तपकिरी, जाड काचेची, लेबल केव्हाच गळून पडलेलं. आत काही नाही. बूच काढलं की मला अजून वास येतो, यजमानांना येत नाही. यंदा त्यांना शिडीवर चढायची डॉक्टरांची मनाई, म्हणून माळा मीच झाडला. भांडण झालंच नाही. चुकल्यासारखं वाटलं, म्हणून हे लिहायला बसले.

ही बाटली आमच्या घरात पहिल्यांदा आली तो दिवस एकादशीचा होता. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, भुसावळच्या लोको शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे. गळ्यात तुळशीची माळ. कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला जाणारे, कांदा-लसूणही चार महिने बंद ठेवणारे. रात्रपाळी करून सकाळी घरी आले, तोंडावर कोळसा तसाच, आणि पाणी पिताना नजर गेली फळीवर. हळदीच्या डब्याला टेकून बियरची बाटली उभी.

अण्णा ओरडणारे नव्हते. त्यांनी टोपी खुंटीला लावली, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि आईला विचारलं, "हे काय आहे?"

"मसाला."

"मसाला? बाटलीत?"

आईनं काही उत्तर द्यायच्या आत त्यांनी बूच उपसलं आणि नाक लावलं. मग जे शिंकायला लागले ते थांबेचनात. पाच, सहा, सात. सातव्या शिंकेला भिंतीपलीकडून शेजारची आंटी खदाखदा हसली. ती भिंतीला कान लावून बसलेली होती, हे तिनं नंतर स्वतःच कबूल केलं.

माळकऱ्याच्या घरात एकादशीला बियरची बाटली, हा विषय आमच्या लाइनीला दोन महिने पुरला.

*

लाइन म्हणजे काय, हे रेल्वेबाहेरच्यांना सांगावं लागतं. बारा क्वार्टरं एका दमात बांधलेली, कुशीला कुशी लावून. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि चार कोंबड्या फिरतील एवढं अंगण. वर मंगलोरी कौलं. बाहेरच्या भिंती अशा जाड की मे महिन्यात त्यांना पाठ लावून बसावं. दोन घरांमधली भिंत मात्र एकेरी विटेची, आणि तीही वर आढ्यापर्यंत न पोचलेली. तिच्यावरून फोडणी जायची, खोकला जायचा, नवराबायकोचं भांडण जायचं, आणि अभ्यास न करता नुसतीच पुस्तक उघडून बसलेली पोरगीही पलीकडून ओळखता यायची. अशा लाइनी भुसावळला कितीतरी. आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, चांदमारी चाळ. पलीकडे साहेबलोकांचे पंधरा बंगला आणि लिम्पस क्लब. चाळींची नावं ऐकूनच कळतं की ती कुणी साहेबानं नकाशावर लिहिलेली नाहीत.

भुसावळ मुळात तापीकाठचं एक खेडं. १ जानेवारी १८६५ला थळ घाट खुला झाला, १८६७ला गाडी नागपूरला पोचली, आणि ७ मार्च १८७०ला जबलपूरला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ जुळले तशी मुंबई-कलकत्ता वाट एक झाली. नागपूरचा फाटा आणि खंडवा-जबलपूरचा फाटा जिथे फुटतो त्या बेचक्यात आमचं गाव. इंजिनाला पाणी हवं, कोळसा हवा, ड्रायव्हर-गार्ड बदलायला हवेत, म्हणून ते गाव फुगलं. शाळेत आम्हाला 'खान्देशचं प्रवेशद्वार' वगैरे शिकवायचे. खरं सांगायचं तर आमच्या लाइनीत खान्देशातले आम्ही आणि आणखी दोन घरं, बाकी सगळे रुळावरून वाहत आलेले. तेलुगू फिटर, झाशीकडचा पॉइंट्समन, गार्डांच्या पेट्या वाहणारे एक चाचा, एक गोव्याचं कुटुंब, टोकाच्या घरात पियानो असलेले अँग्लो-इंडियन म्हातारे साहेब, आणि आमच्या कुशीला आंटी.

आंटीचं नाव लिहीत नाही. तिच्या लेकीला आवडायचं नाही. तिचे यजमान मालगाडीचे गार्ड. आता गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं असतं, २०२२पासून. अंकल ते ऐकून किती हसले असते! रात्री ड्यूटीचा निरोप देणारा कॉलबॉय वही घेऊन यायचा आणि ओट्यावर काठी आपटायचा. गार्डासाठी आला की फायरमनसाठी, ते आवाजावरून दोन्ही घरं झोपेत ओळखायची. अंकलची काळी पत्र्याची लाइन बॉक्स दारात असायची. तिच्यात लाल-हिरवे बावटे, हातदिवा, आणि धुक्यात रुळावर लावायचे फटाके. ती पेटी दारात असली की अंकल घरात, नसली की मनमाड किंवा बडनेरा. आम्ही पोरं घड्याळापेक्षा पेटी बघायचो.

आमच्या लाइनीत सगळ्यांना वाटायचं किरिस्ताव म्हणजे एकच जात. आंटीला ते मुळीच खपायचं नाही. "गोयकार वेगळे, आम्ही वेगळे," ती म्हणायची. "आम्ही मुंबैचे. पयल्यापासूनचे." ती ईस्ट इंडियन. राहतात पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव 'पूर्वेचे', हे कोडं मला कॉलेजात गेल्यावर सुटलं. वसई, साष्टी, मुंबईतली ही मूळची मराठी बोलणारी माणसं. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाली. पुढे इंग्रजी कचेऱ्यांतून आणि रेल्वेतून गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांची भरती होऊ लागली, दोघांची आडनावं सारखीच, साहेबाला फरक कळेना. तेव्हा १८८७ला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं. कंपनीची नोकरी आम्ही आधी केली, हा दावा. म्हणजे नोकरीसाठी घेतलेलं नाव. भुसावळच्या माणसाला यात काही नवल वाटायला नको, आमचं अख्खं गाव नोकरीसाठी झालेलं आहे.

आंटीची मराठी आमच्या बाईंना अशुद्ध वाटायची. ती 'घरात' म्हणायची नाही, 'घरान' म्हणायची. माझी आजी 'मला' म्हणायची नाही, 'मले' म्हणायची. दोघी ओट्यावर बसून बोलायला लागल्या की शाळेत शिकवतात ती मराठी तिथे कुठेच नसायची. आणि तरी दोघींचं सगळं एकमेकींना कळायचं. फक्त एक गंमत होती. हाक मारताना आजी म्हणायची "काय व", आंटी म्हणायची "काय गो". मी दोघींकडे वाढले, त्यामुळे वर्गात मैत्रिणीला "ये गो" म्हणून गेले आणि पुढची दोन वर्षं 'कोळीण' म्हणवून घेतली.

*

आजी गावाहून, यावलकडून, आमच्याकडे राहायला यायची ती कपाशीची कामं उरकल्यावर. पण एका वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ऑक्टोबरातच आली. डोळ्याला हिरवी पट्टी, त्यामुळे दिवसभर खाटेवर, आणि करमणूक एकच. भिंत.

संध्याकाळी सातला पलीकडे सुरू व्हायचं. ऑक्टोबर हा त्यांचा जपमाळेचा महिना. एक जण अर्धी ओळ म्हणणार, बाकीचे अर्धी पुरी करणार. लाइनीतली गोव्याची मंडळी, कधी पियानोवाले साहेब, सगळे आंटीच्या खोलीत गुडघे टेकून. भिंतीवरून शब्द गाळून यायचे, आणि त्यातला एकच स्पष्ट ऐकू यायचा: "मरिये". पुन्हा "मरिये". दहा वेळा, मग थोडं थांबून आणखी दहा वेळा.

आजीनं तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी खाटेवर उठून बसली, पदर डोक्यावर घेतला, भिंतीकडे तोंड करून हात जोडले आणि आईला म्हणाली, "शेजारीन मोठी भक्तीनची हाये व माय. रोज मरीमायचं करते."

आई म्हणाली, "आई, ते किरिस्ताव आहेत."

"असू दे. मरीमायले काय जात असते?"

आजीची मरीमाय गावाच्या शिवेवर, कडुलिंबाखाली, शेंदूर फासलेल्या दोन दगडांत. ती तापाची, पटकीची, साथीची देवी. गावात साथ आली की मरीमायचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. आजीनं १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, पाहिलेली, दहा-अकरा वर्षांची असताना. सकाळी एकाला पोचवून आले की संध्याकाळी दुसऱ्याला. तिच्या दोन बहिणी त्या साथीत गेल्या. त्याआधीच्या प्लेगाचं तिनं आईच्या तोंडून ऐकलेलं. उंदीर पडायला लागले की घराला कडी घालून माळावर पाल ठोकायचं, आणि भुसावळला गाडीतून उतरलेल्यांचे दंड-काखा डॉक्टर चाचपून बघायचा. म्हणजे मरीमाय तिच्यासाठी पोथीतली नव्हती, अनुभवातली होती. शिवाय तिला पुरावाही मिळाला. पट्टी निघाल्यावर मागच्या अंगणात आली आणि तिला आंटीच्या कोंबड्या दिसल्या. मरीमायला कोंबडं लागतंच! आजीच्या हिशेबात सगळं जुळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हाती नारळ दिला. "जाय, मरीमायले दिऊन ये. म्हना, म्हातारीचा डोळा नीट होऊ दे."

मी आठ वर्षांची. नारळ घेऊन आंटीच्या दारात उभी राहिले आणि शब्दाला शब्द तसाच निरोप सांगितला. आंटीनं माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. तिच्या आतल्या खोलीत भिंतीत कोनाडा होता, त्यात निळ्या वस्त्रातली मरियेची मूर्ती आणि लाल काचेचा दिवा. बरोबर त्याच्या पाठीला, आमच्या बाजूनं, आमच्या विठ्ठल-रखुमाईचा कोनाडा. दोन्हीमध्ये एक वीट. आई तर त्या जागी खिळा ठोकू द्यायची नाही, पलीकडे देवाला लागेल म्हणून. आंटीनं नारळ मूर्तीपुढे ठेवला, गुडघा टेकला, आणि उठून मला म्हणाली, "आजीला सांग गो, पोचला."

रविवारी तो नारळ फोडून तिनं दूध काढलं आणि फुगे केले. मैदा, अंडी, नारळाचं दूध, रात्रभर आंबवायचं आणि हातानं पिळून तेलात गोळे सोडायचे. तळताना ते आपसूक फिरतात. खरे फुगे ताडीवर फुगवायचे असतात, भुसावळला ताडी कुठली, यावर तिचं दर वेळी एक भाषण व्हायचं. ताटलीवर विणलेला रुमाल टाकून ते आमच्याकडे आले. अंडं असल्यामुळे अण्णांना वर्ज्य, आई एक तुकडा तोंडात टाकून "बरं आहे" म्हणाली. आजीनं मात्र 'मरीमायचा परसाद' म्हणून सहा खाल्ले. आतमध्ये अंडं आहे हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि डोळा, सांगायला हरकत नाही, चांगला झाला.

*

बाटलीकडे यायचं राहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात काळा मसाला होतो. धने, खोबरं, कांदा वाळवून, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, तमालपत्र, एकेक तेलावर भाजून. आई आणि आंटी दोघींचे मसाले एकाच आठवड्यात, एकाच उखळात. भुसावळचं एप्रिल-मेचं ऊन तर मिरचीला कुरकुरीत करतं, माणसालाही करतं. आंटीच्या मसाल्यात वीस-पंचवीस जिनसा, त्यात गहू आणि चणेसुद्धा, तीळ-खसखस, वेगवेगळ्या मिरच्या. दगडफूल दोघींचं सामाईक, एकाच पुडीतलं. कुटून झालं की ती तो गडद बाटल्यांत भरायची. काठीनं ठोकून ठोकून, हवा राहू नये म्हणून. उजेड लागला तर रंग उडतो, म्हणून बियरची बाटली. यालाच तिच्याकडे 'बाटली मसाला' म्हणतात. बाटल्या क्लबातून यायच्या. कुणी आणायचं हे उघड बोलायची गोष्ट नव्हती.

एक बाटली दरवर्षी आमची. अण्णा पुढे तो मसाला चवीनं खायला लागले, वांग्याच्या भाजीत. पण बाटली फळीवर ठेवायची नाही, डब्यांच्या मागे आडवी ठेवायची, हा करार शेवटपर्यंत टिकला.

मसाला कुटताना आंटी वाडीचं सांगायची. "आमचे वाडीन." खोताची वाडी, गिरगाव. घरांना लाकडी जिने, आणि जिने घराच्या बाहेर. गल्ली एवढी अरुंद की दोन जाड बायका समोरासमोर आल्या तर एकीनं मागे जायचं. बटाट्याचे वेफर तळल्याचा वास. क्रूस. शेजारच्या केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती, १८९३पासूनचा, मुंबईतला पहिला सार्वजनिक; त्याची आरती तिला अख्खी पाठ होती, आमच्यापेक्षा चांगली. मला वाटायचं वाडी म्हणजे कुठलातरी राजवाडा असणार.

आणि तिचा ओटा! लाइनीतल्या बाकी अकरा ओट्यांवर बाजा, गोवऱ्या, सायकली. तिच्या ओट्यावर दोन लाकडी खुर्च्या, डालड्याच्या डब्यांत लावलेली क्रोटनची झाडं, दारावर लेसचा पडदा, आणि दार हिरवंगार. दर नाताळाला नवा हात. रंग रेल्वेचाच. डब्यावर काय लिहिलेलं असायचं ते लिहीत नाही. लोक म्हणायचे, आंटीला भारी हौस. मलाही तेच वाटायचं.

गुड फ्रायडेला त्यांच्याकडे रेडिओ बंद, चर्चची घंटासुद्धा मुकी, लाकडी खुळखुळा वाजवायचे. त्या दोन दिवसांत भिंतीवरून काहीच यायचं नाही आणि आम्हालाच करमायचं नाही.

अंकल निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. वाडीतलं घर तिच्या भावानं तोवर विकलेलं, म्हणून ती मंडळी कल्याणला गेली. आमची बदली झाली नाही, माझं लग्न झालं, मी जळगावला पोस्टात लागले. आंटी गेली तेव्हा मला तार आली, आणि ती तार माझ्याच काउंटरवर आली.

*

मागच्या वर्षी यजमानांच्या हृदयाचं निघालं. मुलगा मुंबईला, त्यानं गिरगावातलं इस्पितळ ठरवलं. दोन स्टेंट. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तीन तास तुमचं इथे काम नाही, जरा पाय मोकळे करून या. मी रस्त्यावर आले, पाटी वाचली: जगन्नाथ शंकरशेट मार्ग. म्हटलं, वा! मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी जीव टाकला त्यांचाच रस्ता, आणि आमचं गाव त्याच रेल्वेचं. दोन ठिकाणी विचारलं आणि खोताच्या वाडीच्या तोंडाशी पोचले.

पहिला आला तो वेफरचा वास. मी तिथेच उभी राहिले.

मग आत गेले. गल्ली खरंच तेवढी. लाकडी जिने खरंच घराबाहेर, वर नक्षीचे कठडे, कौलं. पिवळं घर, निळं घर, लाल घर. आणि प्रत्येक व्हरांड्यात काय? दोन लाकडी खुर्च्या. डब्यांत, कुंड्यांत क्रोटन. दारावर लेसचा पडदा. रंगवलेलं दार. मी तोंडावर हात ठेवला. भुसावळच्या आठ बाय सहाच्या ओट्यावर ही बाई आपलं माहेर मांडून बसली होती, आणि आम्ही त्याला हौस म्हणत होतो.

एका व्हरांड्यात बनियनवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. माझा मोबाइल बघून आधीच म्हणाले, "फोटो काढा, पण घरान डोकावू नका." त्यांचं बरोबर आहे. कुणी आमच्या लाइनीत येऊन आईच्या चुलीचा फोटो काढला असता तर आजीनं फुंकणी उगारली असती. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि आंटीच्या बापाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारी. भुसावळच्या."

"भुसावळ!" ते एकदम हसले. "माझा बाप पण गार्ड होता. भुसावळ बोलला की आई रडायची. एवढं ऊन. मग केळी आणलीस काय गो?"

चाळीस वर्षांनी कुणीतरी मला 'गो' म्हटलं. केळी नव्हती आणली. मी जळगावची असून गिरगावात रिकाम्या हातानं गेले, याची लाज अजून वाटते.

त्यांनीच मग सगळं सांगितलं. ही जमीन दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना तुकडे पाडून दिले, म्हणून वाडी खोताची आणि घरं किरिस्तावांची. एके काळी ६५ घरं होती, आता तीसही उरली नाहीत. एक जण विकतो, मग उंच इमारत येते, मग शेजारच्याच्या खिडकीत ऊन येत नाही, मग तोही विकतो. हे त्यांनी पावसाचं सांगावं तसं सांगितलं. खानावळीचंही सांगितलं, अनंताश्रमाचं, तीही बंद झाली. आंटीचं घर? त्यांनी पेपरच्या गुंडाळीनं एक इमारत दाखवली. खाली पार्किंग होतं.

मी म्हटलं, क्रूस तरी दाखवा. ते चपला घालून बरोबर आले. छोटंसं देऊळच म्हणा ना, रस्त्याला लागून, फुलं वाहिलेली, मेणबत्त्या. १८९९चं. मुंबईत १८९६ला प्लेग आला, माणसं मुंग्यांसारखी मेली, त्यातून जी वाचली त्यांनी हे बांधलं. मुंबईच्या गावठाणांतून असे प्लेगाचे क्रूस ठिकठिकाणी आहेत, मे महिन्यात त्यांच्यापुढे प्रार्थना होतात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मरीमाय."

"काय म्हणालीस?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. आजी, भिंत, नारळ, फुगे. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सहा खाल्ले? अंड्याचे?" आणि पोट धरून हसले. माझ्याकडे आजीच्या नावाचं वाहायला काही नव्हतं. पर्समध्ये इस्पितळाच्या पावत्या, पण एक सुटी मेणबत्तीसुद्धा नाही. त्यांनी समोरच्या घरातून एक आणून दिली.

निघताना त्यांच्या सुनेकडून मसाला घेतला. बाटली मसाला, पण प्लास्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, बाटली कुठेय? ती म्हणाली, "कुरियरवाले काच घेत नाहीत, आंटी." मला आंटी म्हणाली.

*

यजमान बरे झाल्यावर एकदा भुसावळला भाचीकडे जाणं झालं, तेव्हा लाइनीकडे वळले. आधी क्वार्टरं कंडम म्हणून शेरा पडला, दारं-खिडक्या काढून विटांनी बुजवली, मग पाडली. भिंत नाही, ओटा नाही. वेड्या बाभळी माजल्यात. कौलांचे तुकडे पायाखाली येत होते. आंटीच्या अंगणात असायचा तो शेवगा आहे, किंवा त्याचं पोर असेल. इथे हेरिटेज वॉक घेऊन कुणी येणार नाही, आणि आलंच तर मी त्यांना काय दाखवणार?

दिवाळीला आंटीच्या लेकीला फोन केला. ती कल्याणलाच असते. वाडीत जाऊन आले, क्रूस पाहिला, तुमचं घर मात्र राहिलं नाही, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती.

"आणि लाइन?"

"तीही पाडली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"ती बाटली आहे का गो तुझ्याकडे? मम्मीची?"

"आहे. आजच माळ्यावरून काढली."

"धुवू नको."